दहा हजारावी नोंद

मिलिमीटररावांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला आठवत नव्हतं, आणि ज्यांना आठवत होतं ते वापरत नव्हते. माणूस शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या छात्या, कंबरा आणि दंड मोजले, आणि डोळे दगा द्यायला लागले तेव्हा शिलाई मशीनवर चादर टाकून दुकान बंद केलं. मोजायची खोड मात्र गेली नाही. ती त्यांनी कधीच पावसाकडे वळवली होती.

त्याचं असं झालं. सत्तावीस वर्षांपूर्वी हवामान कार्यालयातला एक कारकून पँट सैल करून घ्यायला दुकानात आला. कंबरेत दोन बोटं कापड सुटलं, कारकून खूश झाला, आणि बोलता बोलता म्हणाला की या खोऱ्यात पाऊस मोजायला एक मोकळं अंगण आणि एक विश्वासू माणूस हवाय. अंगण होतं. विश्वासू माणूस गळ्यात टेप घालून समोरच उभा होता. पुढच्या आठवड्यात मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात पर्जन्यमापक बसला: वर नरसाळं, आत बाटली, सोबत मिलिमीटरच्या रेघा मारलेला काचेचा उभट पेला. रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी पेल्यात ओतायचं, रेघ वाचायची, वहीत लिहायचं आणि कार्यालयाला फोन करायचा. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा नोंदच असते, हे मिलिमीटरराव भेटेल त्याला ऐकवत.

तेव्हापासून एक सकाळ चुकली नव्हती. ताप आला तर ते गोधडी पांघरून अंगणात गेले. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडून अकराची वेळ मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला, टाके ओले असताना, टॅक्सी करून घरी आले, पाणी मोजलं आणि त्याच टॅक्सीनं परत खाटेवर जाऊन पडले. डॉक्टर अद्वातद्वा बोलले. पण खरे हाल झाले बायकोचे. रोज सकाळी आठला घरात असलाच पाहिजे अशा नवऱ्याबरोबर बाई जाऊन जाऊन जाणार कुठे? सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल तेवढंच तिचं जग. समुद्र तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि ते कॅलेंडर नऊ वर्षं जुनं झालं तरी तिनं भिंतीवरून काढलं नव्हतं.

"एकदा तरी चार दिवस," ती म्हणायची.

"दहा हजार होऊ देत," ते म्हणायचे. "मग बघू."

आता ते होत आले होते. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता दहा हजारावी सलग नोंद. सगळ्या विभागात आजवर कुणाची झाली नव्हती. कार्यालयाचे साहेब चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र घेऊन स्वतः येणार होते. गल्लीतली वीसेक माणसं, शाळेतून मागून आणलेल्या खुर्च्या, चहा, बिस्किटं, सगळं ठरलं होतं. पंचाहत्तरीला टेकलेल्या त्या माणसाला आयुष्याकडून आणखी काही नको होतं. वहीत एक आकडा हवा होता.

घरात त्यांच्या तोलाचं माणूस एकच, ते म्हणजे सूनबाई. मुलगा मालगाडीवर गार्ड, महिन्याचे वीस दिवस रुळांवर. त्यानं लग्न केलं ते हवामान कार्यालयातल्या मुलीशी, आणि तीही अंदाज लिहिणारी. दर शुक्रवारी दुपारी चारला रेडिओवर शनिवार-रविवारचा विभागीय अंदाज वाचून दाखवत, तो तिच्या हातचा. म्हणजे एका छपराखाली पाऊस सांगणारी आणि पाऊस मोजणारा. इतर घरांत सासरे सुनेच्या हातच्या मिठाला नावं ठेवतात. इथे पावसाला ठेवत.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले की मिलिमीटरराव घसा खाकरत. "अंदाज: कोरडं," ते सावकाश म्हणत. मग पाण्याचा एक घोट. "मोजलं: एकोणीस पूर्णांक दोन." बायको डोळे वटारायची, सूनबाई हसून घ्यायची किंवा काहीतरी झणझणीत उत्तर द्यायची, आणि जेवण पुढे सरकायचं.

खरं सांगायचं तर त्यांचा त्या पोरीवर फार जीव होता. पण या शिंप्याचं प्रेम शिवणीसारखं आतल्या बाजूनं चालायचं. बाहेरून दिसलं तर टाका चुकला असं ते समजत.

पावसाळा सरला, झाडांची पानं पिवळी पडायला लागली, आणि अंदाज लिहिणाऱ्यांचे वाईट दिवस आले. या दिवसांत वारा कुठून उठेल आणि कुठे बसेल याचा नेम नसतो. सूनबाईचे तीन शनिवार-रविवार लागोपाठ फसले. पहिल्यांदा तिनं उघडीप सांगितली आणि अर्ध्या गल्लीचे वाळत टाकलेले कपडे दोनदा भिजले. दुसऱ्यांदा तिनं जोराचा पाऊस सांगितला, शाळेनं सहल रद्द केली आणि मग असं लख्ख ऊन पडलं की पोरं खिडकीत बसून रडली. तिसऱ्यांदा तिनं हलक्या सरी सांगितल्या. पडल्या त्यांना हलक्या म्हणणं म्हणजे हत्तीला लठ्ठ मांजर म्हणणं. समोरच्या न्हाव्यानं तर दुकानाच्या काचेवर कागदच चिकटवला: ‘दाढी, केस व खात्रीचा अंदाज.’ सगळी गल्ली खो खो हसली. न्हाव्याला हा माल पुरवत होतं कोण? रोज सकाळी साडेआठला त्याच्या खुर्चीत बसणारे मिलिमीटरराव. त्यांनी स्वतःच्या तोंडानं, फेसासकट, तिन्ही आकडे त्याला दिले होते.

त्या शुक्रवारी सूनबाई कार्यालयातून आली तेव्हा मिलिमीटरराव स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काचेचा पेला पुसत होते. रविवारसाठी तो चकचकीत हवा होता. तिनं पर्स टेबलावर ठेवली, पण खांद्यावरचा पट्टा काही सोडला नाही.

"बाबा, तुम्हाला आधी सांगते. आईंना नंतर. मी बदलीचा अर्ज लिहिलाय. जुन्या नोंदींच्या खोलीत जायचं म्हणते."

"तिथे काय आहे?"

"तिथे सगळा पाऊस आधीच पडून गेलेला असतो," ती म्हणाली. "चुकायला काही उरत नाही."

मिलिमीटररावांचा पुसणारा हात थांबला. "दिलास अर्ज?"

"पर्समध्ये आहे. साहेब रविवारी आपल्याकडेच येतायत ना, तेव्हा देईन. काहीतरी द्यायचंय एवढं त्यांना सांगून ठेवलंय. तुमची नोंद झाली, फोटो झाला की मग. तुमच्या कार्यक्रमात विघ्न नको."

आता इथे बोलायला हवं होतं. पोरी, तसलं काही करू नकोस, एवढं एक वाक्य. त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पेलाच पुसला. शेवटी म्हणाले, "या खेपेला काय दिलंयस?"

तिनं कागद काढून वाचला. "शनिवारी सकाळी निरभ्र. दुपारनंतर खोऱ्यावर ढग दाटतील. सायंकाळपासून रविवारी पहाटेपर्यंत जोरदार पाऊस, सत्तर मिलिमीटरच्या वर. रविवारी दिवसभर रिमझिम." तिनं घडी घातली. "बाबा, अंगणात वर काहीतरी ताणून घ्या. पाहुणे भिजतील."

"घेऊ" हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाही होता. पण नेमका तेव्हाच खुर्च्यांचं विचारायला न्हावी दारात येऊन उभा राहिला आणि मिश्किल डोळ्यांनी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. प्रेक्षक दिसला की मिलिमीटररावांची जीभ सुटायची.

"सत्तर!" ते म्हणाले. "या दिवसांत सत्तर? अगं, सत्तावीस वर्षं उघड्यावर मोजतोय मी, आणि ऐन दिवशी छपराखाली बसू? काही ताणायचं नाही. पाहुणे उन्हात बसतील."

न्हावी मनसोक्त हसला. सूनबाई हसली नाही, उलट उत्तरही दिलं नाही. पर्स उचलून आत गेली. तिनं एक सणसणीत टोला हाणला असता तर बरं झालं असतं. ती नुसती आत गेली हेच त्यांना लागलं.

संध्याकाळी मिलिमीटररावांनी स्वतःला दुकानाच्या खोलीत कोंडून घेतलं. जुनी ताडपत्री काढली, तिची तीन भोकं ठिगळं लावून बंद केली, कडांना दुहेरी टाका घातला आणि कोपऱ्यांत दोरीसाठी गोल कड्या बसवल्या. दाराबाहेरून बायकोनं विचारलं, काय चाललंय. "गादीची खोळ," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात गादीच्या खोळीवर कुणी हातोडी चालवलेली तिनं ऐकली नव्हती, पण ती स्वयंपाकाला लागली.

असं का केलं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी मान्य केलं नसतं. पण त्या पावसाच्या वहीचं एक शेवटचं पान होतं, आणि ते त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं.

शनिवार उजाडला तो आरशासारखा स्वच्छ. न्हाव्यानं रस्त्यावरून ओरडून विचारलं, "राव, छत्री आणू का?" मिलिमीटररावांनी हात हलवून त्याला उडवून लावलं. सूनबाई दुपारी एकला ड्यूटीवर गेली, ती रविवारी सकाळीच परतणार होती. बायको बाजारात गेली. आभाळात अजून ढगाचं नाव नव्हतं. मिलिमीटररावांनी दोन मिनिटं दाराला कान लावला आणि ताडपत्री बगलेत मारून अंगणात आले.

दोन दोऱ्या घराच्या भिंतीतल्या हुकांना बांधल्या. दुसऱ्या दोन टोकांना जमिनीत मेखा ठोकायच्या होत्या, आणि एक मेख मापकाच्या बाजूला येत होती. मापकापासून ताडपत्रीचं अंतर त्यांनी गळ्यातल्या टेपनं मोजलं, एकदा नव्हे तीनदा. चांगलं ऐसपैस होतं. नियमात बसत होतं. पण मेख ठोकताना मातीचे कण उडतील आणि नरसाळ्यात पडतील, त्याचं काय? सत्तावीस वर्षांत त्या नरसाळ्यात त्यांनी चिमणीचं पीस राहू दिलं नव्हतं. त्यांनी मोरीतून निळी बादली आणली, मापकावर उपडी घातली आणि निश्चिंत मनानं हातोडी उचलली.

शेवटचा घाव बसला आणि कुंपणाच्या भिंतीवर न्हाव्याचं डोकं उगवलं.

"राव! ताडपत्री?"

मिलिमीटररावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "पानं पडतात," ते म्हणाले. "चहात."

न्हाव्यानं वर पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "झाड कुठंय?"

"वाऱ्यानं येतात. लांबून. चल, तुला खुर्च्या दाखवतो." आणि हातोडी तिथेच टाकून, न्हाव्याला दंडाला धरून, त्यांनी त्याला पुढच्या दारापाशी नेलं आणि पाऊण तास खुर्च्या दाखवल्या. न्हाव्यानं त्या खुर्च्या शाळेत असताना रोज पाहिल्या होत्या, पण माणूस सभ्य होता. त्यानं प्रत्येक खुर्ची पाहिली.

ते घरात शिरले आणि ढग आले. साडेचारला पहिले थेंब, पाचला सरी, आणि दिवे लागेपर्यंत असा पाऊस सुरू झाला की खिडकीपलीकडचं घर दिसेना. मिलिमीटरराव आरामखुर्चीत बसून ऐकत होते आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. बायको आत-बाहेर करत होती.

"अहो, माझी निळी बादली कुठंय? मोरीत गळायला लागलंय."

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "मी काय बादल्या मोजतो?"

तिनं गळक्या जागी पातेलं ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. अंगणात जाऊन बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण तो त्यांचा जुना नियम होता: वेळेआधी मापकाकडे फिरकायचं नाही, माणसाचं मन चळतं. पडू दे, ते मनात म्हणाले. सत्तर पडू दे. पोरीचं बरोबर येऊ दे. सत्तरच्या वर एक रेघ पडू दे आणि उद्या मी वीस माणसांसमोर मोठ्यानं वाचीन. इतक्या समाधानानं त्यांना कित्येक महिन्यांत झोप लागली नव्हती.

रविवारी पावणेआठला रिमझिम चालू होती, अगदी अंदाजात लिहिली होती तशी. ताडपत्री एका थेंबालाही दाद देत नव्हती. खाली खुर्च्या कोरड्या होत्या, पाहुण्यांचे बूट मात्र चिखलानं लडबडले होते. साहेब वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. न्हावी सगळ्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगत होता की ही ताडपत्री पानांसाठी आहे. बायको चहा देत होती. मिलिमीटररावांनी कोट घातला, वही बगलेत घेतली, पेला हातात घेतला, आणि बाकीच्यांना दोरीपलीकडे थांबायला सांगून ते छत्रीखाली एकटे कोपऱ्यात गेले. मापकाभोवती कमरेएवढी मेंदीची झुडपं होती, त्यामुळे पाहुण्यांना त्यांची फक्त पाठ दिसत होती.

झुडपांच्या आत निळी बादली उपडी होती.

मिलिमीटररावांना आधी वाटलं, ही बादली इथे कुणी ठेवली? मग सगळं आठवलं. त्यांनी ती उचलली. तिच्या बुडावर साचलेलं पाणी त्यांच्या बाहीत गेलं. खाली मापक ठणठणीत कोरडा, नरसाळं कोरडं, बाटली कोरडी. रात्रभर अख्ख्या खोऱ्यावर पाऊस कोसळला होता आणि या एवढ्याशा जागेवर एक थेंब पडला नव्हता. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव सकाळी. आणि आजची, जी एकच हवी होती ती, मोरीतल्या बादलीखाली गेली.

शून्य लिहावं, तर ते खोटं. पायाखाली चिखल होता.

मग त्यांची नजर पन्हळीखालच्या पिंपावर गेली. पिंप काठोकाठ भरलं होतं. पावसाचंच पाणी, रात्रीचंच. कुणी बघत नव्हतं. त्यांनी पेला पिंपात बुडवला. पेल्यात वीस मिलिमीटर मावायचे. एक पेला बाटलीत ओतला. दुसरा. तिसरा. साठ झाले. आता चौथा केवढा? दहाच्या आत राहिला तर सूनबाई चुकली. दहाच्या वर गेला तर तिचं बरोबर आलं. तिचा अर्ज या पेल्यात होता, आणि पेला सासऱ्याच्या हातात होता. चौदा पूर्णांक सहा, त्यांनी ठरवलं. एकूण चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा. खरं वाटायला दशांश हवा. तिचं भलं होईल, आपले दहा हजार होतील, साहेब चौकट देतील, आणि बादलीचं कुणाला कधी कळणार नाही. कुणाचंच काही जात नव्हतं.

"बाबा?"

सूनबाई मागच्या फाटकातून आली होती. रात्रभराच्या ड्यूटीनं डोळे लाल, केस ओले, एक हात पर्सवर घट्ट. झुडपांच्या त्या बाजूला ती थांबली, कारण आठच्या आत मापकाजवळ यायचं नाही हे या घरात लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं जाई.

"किती, बाबा?"

तिनं शाबासकीसाठी विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती रात्रभर नकाशांसमोर बसली होती, आणि आता हा म्हातारा जो आकडा सांगेल तो ती जन्मभर खरा धरून चालणार होती. पुढच्या वर्षी असेच ढग आले की म्हणणार होती, मागे असं झालं होतं तेव्हा चौऱ्याहत्तर पडले होते. मिलिमीटररावांनी चाळीस वर्षांत खूप जणांचे कपडे बिघडवले होते, पण खोट्या मापानं कधी नाही. त्यांनी बाटली काढली आणि सगळं पाणी चिखलात ओतलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "बादली राहिली."

मग ते ताडपत्रीखाली आले, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात वही घेऊन, आणि वीस माणसांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की आजची नोंद झालेली नाही. बायको म्हणाली, "माझी बादली!" साहेब चौकटीकडे बघत राहिले. चौकटीत सोनेरी अक्षरांत दहा हजार आधीच छापलेले होते.

"पण मापकावर बादली?" न्हाव्यानं विचारलं. "कशासाठी, राव?"

"वहीत शेऱ्याचा रकाना असतो," साहेब हळूच म्हणाले. ते नियमाचे माणूस होते आणि दुसरं काय बोलावं त्यांना सुचत नव्हतं. "नोंद चुकली तर कारण लिहावं लागतं."

"लिहितो की," मिलिमीटरराव म्हणाले. ते खुर्चीवर बसले, वही मांडीवर घेतली, आणि लिहिता लिहिता एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेले. "नोंद नाही. मापकावर बादली होती. बादली कशाला? मेख ठोकताना माती उडू नये म्हणून. मेख कशाला? ताडपत्रीसाठी." इथे ते थांबले. न्हाव्याकडे एकदा पाहिलं. "पानांसाठी नव्हे. पान एकसुद्धा पडत नाही इथे. ताडपत्री बांधली कारण सूनबाईनं पाऊस सांगितला होता, आणि तिनं सांगितला म्हणजे पडणार, हे मला ठाऊक होतं."

ताडपत्रीवर रिमझिम वाजत होती.

"हे तोंडानं सांगायला तुम्हाला सरकारी वही लागली," बायको म्हणाली.

मिलिमीटररावांनी वही मिटली नाही. शेवटचं पान उघडून त्यांनी ती सुनेपुढे धरली. पेन्सिलीच्या बारीक रेघांनी पान भरलेलं होतं, पाच-पाचच्या जुड्या. "सहा वर्षांचे तुझे सगळे शनिवार-रविवार," ते म्हणाले. "तीनशे बारा. चुकले एकसष्ट. ते मी जेवताना वाचून दाखवले."

"आणि हे बाकीचे?"

"ते बरोबर आले. दोनशे एक्कावन्न." "तेही वाचायला हवे होते. माझं चुकलं, पोरी."

सूनबाई पानाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, आणि ते पुसायला रुमाल काढावा म्हणून तिनं पर्स उघडली. त्याबरोबर पर्समधला घडी घातलेला कागदही बाहेर आला.

"ते तुम्ही मला काही द्यायचं म्हणत होतात ना?" साहेबांनी हात पुढे केला.

"हो," ती म्हणाली, आणि तिनं त्यांच्या हातात बिस्किटांची बशी दिली.

साहेबांपुढे आता चौकटीचा प्रश्न होता. ती द्यावी तर खोटी, परत न्यावी तर माणूस डोळ्यांदेखत म्हातारा दिसायला लागला होता. "पुन्हा मोजायला सुरुवात करा," ते धीर देत म्हणाले. "उद्याची पहिली."

"म्हणजे मी एकशे दोन वर्षांचा असताना या," मिलिमीटरराव म्हणाले. "चौकट कार्यालयातच ठेवा. इथे भिंतीला ओल येते."

"उद्याची कशाला पहिली?" हे बायको म्हणाली. तिनं किटली खाली ठेवली होती. "साखळी मोडायची ती मोडलीच. उद्या पहिली काय आणि पुढच्या सोमवारी पहिली काय, तुमच्या हिशेबात फरक पडतो का काही? मला सांगा, पडतो का?"

मिलिमीटररावांनी विचार केला. "नाही पडत," ते म्हणाले.

"मग मला समुद्र दाखवा." आणि नवऱ्याचा विचार बदलायच्या आत ती सुनेकडे वळली. "किनाऱ्यावर काय म्हणतंय गं तुझं आभाळ?"

सूनबाईनं अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. रात्रभर पाहिलेले नकाशे आठवत तिनं तिथे चार दिवसांचा किनाऱ्याचा अंदाज लिहिला, खाली तारीख घातली, आणि कागद सासऱ्यांच्या हातात दिला.

मंगळवारी सकाळी पावणेआठला मिलिमीटरराव घराबाहेर पडले. निघण्याआधी त्यांनी मापकावर निळी बादली उपडी घातली, या खेपेला आठवणीनं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ऊन असं पडलं होतं की डोळ्यांवर हात धरावा लागत होता. बायको नवी चप्पल वाजवत पुढे चालत होती, आणि मागून ते एका हातात पेटी आणि बगलेत दोन भल्या मोठ्या छत्र्या घेऊन येत होते.

न्हावी दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं छत्र्या पाहिल्या, आभाळ पाहिलं, आणि त्याचे डोळे लुकलुकले. "काय राव, छत्र्या कशाला? ऊन लागतं का?"

मिलिमीटरराव थांबले. पेटी खाली ठेवली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बेकरीवाला शटर उघडत होता, त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"पाऊस येणारे. आमच्या सूनबाईंनी सांगितलंय."

आणि पेटी उचलून ते बायकोच्या मागे चालायला लागले.